आजारपणात लेक्चर आणि पेपर बुडाले तर: पुण्यात नव्याने शिकायला आलेल्यांसाठी

दरवर्षी पावसाळा सरत आला की माझ्या टेबलापुढे काही मुलं येऊन उभी राहतात. कोणी लातूरचं, कोणी नंदुरबारचं, कोणी कुडाळचं. आंबेगावात नाहीतर कर्वेनगरात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहणारी, मध्ये दोन-तीन आठवडे आजारी पडून गावी जाऊन आलेली. आता डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत, स्वतःचं नाव बघून घाबरलेली. हातात घडी पडलेलं मेडिकल सर्टिफिकेट असतं. आजार महिन्यापूर्वीचा आणि सर्टिफिकेटवर तारीख कालची.

यातली बहुतेक मुलं खरोखर आजारी होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळतं. पण हजेरी बघणाऱ्या कमिटीपुढे चेहरा चालत नाही, तिथे कागद लागतो. मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि बरीच वर्षं जीएफएमचं काम करते. जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, वर्गातल्या वीस-बावीस मुलांची हजेरी, मार्क आणि अडचणी बघणारे शिक्षक. काही कॉलेजांत त्यांना मेंटॉर म्हणतात, काही ठिकाणी क्लास टीचर. मी स्वतः परभणीहून इथे शिकायला आले होते. दुसऱ्या वर्षी टायफॉइड झाला, तेव्हा हे सगळं सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे बघा, तुम्हाला नियम कोणाचे लागू आहेत

पुण्यातली सगळी कॉलेजं एका नियमाने चालतात असं नाही. शेजारच्या कॉटवरच्या मित्राला जे चाललं, ते तुम्हाला चालेलच असं धरू नका.

1949 साली स्थापन झालेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात असाल, तर शेवटची लेखी परीक्षा विद्यापीठाची असते. वेळापत्रक विद्यापीठाचं, निकालही विद्यापीठाचा. त्यामुळे तुमच्या प्राचार्यांना कितीही वाटलं तरी ते तुमच्यापुरता पेपर पुढे ढकलू शकत नाहीत. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा कॉलेजच घेतं आणि तिथे फेरपरीक्षेची सोय असू शकते. अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे नियम त्यांचे त्यांचे. सीओईपी हे शिवाजीनगरचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेजसुद्धा 2022 पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं आहे, त्यामुळे तिथल्या मुलांनी पुणे विद्यापीठाचे नियम वाचून उपयोग नाही.

हजेरीची अट बहुतेक ठिकाणी 75 टक्के. लॉच्या मुलांना बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात 70 टक्के लागते, आणि खरंच अपवादात्मक कारण असेल तर सगळ्या विषयांत मिळून 65 असल्यास सूट मिळू शकते. बी. फार्मला 80. एमबीबीएसला थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80. ॲडमिशनच्या वेळी मिळालेली माहितीपुस्तिका किंवा ॲकॅडेमिक कॅलेंडर काढा आणि हजेरी, फेरपरीक्षा, टर्म ग्रँट (सत्र पूर्ण केलं असं कॉलेजने मान्य करणं) या तीन गोष्टी कुठे लिहिल्या आहेत ते शोधून मोबाईलमध्ये त्या पानांचे फोटो काढून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. तब्येत चांगली असताना करा, तापात होत नाही.

75 टक्क्यांचा हिशेब

हा हिशेब मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवते, कारण तो मनात धरलेल्या हिशेबापेक्षा नेहमी वेगळा निघतो.

समजा एका विषयाची सत्रात 60 लेक्चर होणार आहेत. 75 टक्के म्हणजे 45. हाताशी राहिली 15. आठवड्याला चार लेक्चर धरली तर तीन आठवड्यांच्या कावीळीत 12 जातात. उरलेल्या सत्रात फक्त तीन चुकवता येतात. त्यात दिवाळीला दोन दिवस आधी निघालात की संपलं.

आता उलट बाजूने. आजवर 40 लेक्चर झाली, तुम्ही 24 बसलात. म्हणजे 60 टक्के. 75 ला पोचायला किती सलग लेक्चर लागतील? मुलं म्हणतात, सहा-सात. उत्तर 24 आहे. सहा लेक्चरची तूट भरून काढायला चौपट बसावं लागतं, कारण तुम्ही बसता तेव्हा एकूण आकडाही वाढत असतो. सत्राच्या शेवटी जागं होऊन उपयोग होत नाही तो याचमुळे. बरे झालात की पहिल्या आठवड्यातच प्रत्येक विषयाचा आकडा लिहून काढा. एकूण सरासरीवर विसंबू नका, बऱ्याच ठिकाणी विषयवार बघतात.

आणखी एक समज काढून टाका. मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागते, असं नसतं. तुम्ही वर्गात नव्हता, तर नव्हता. सर्टिफिकेटमुळे एवढंच होतं की कमी पडलेली हजेरी माफ करावी का, हा विचार प्राचार्यांपुढे ठेवता येतो. तूट किती, आजार कोणता, आधीची हजेरी कशी, कळवलं कधी, हे सगळं बघून ते ठरवतात. आजारी पडायच्या आधीच जो 55 टक्क्यांवर होता, त्याच्यासाठी आम्हालाही फार बोलता येत नाही.

पहिल्या दिवशी एक मेसेज

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. ताप आला, डॉक्टरांकडे गेलात, त्याच दिवशी जीएफएमना कळवा. बरं वाटल्यावर नाही, गावाहून परतल्यावर नाही. वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज धरू नका, तो पन्नास मेसेजांखाली जातो. मित्राने सांगितलेला निरोपही धरू नका. थेट शिक्षकांना पाठवा, आणि जमल्यास तोच मजकूर कॉलेजच्या ईमेलवरही पाठवा, कारण ईमेल वर्षभराने सापडतो.

इंग्रजी येत नाही म्हणून मुलं थांबतात. थांबू नका, मराठीत लिहा. एवढं पुरतं:

‘नमस्कार मॅडम. मी एसई (दुसरं वर्ष) कॉम्प्युटर, बी डिव्हिजन, रोल नंबर अमुक. काल रात्रीपासून ताप आहे. आज डॉक्टरांना दाखवलं, रक्ताची तपासणी सांगितली आहे. आज आणि उद्या कॉलेजला येऊ शकत नाही. रिपोर्ट आला की कळवते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो सोबत पाठवला आहे. वडिलांचा नंबर अमुक.’

वर्ग, डिव्हिजन, रोल नंबर लिहायला विसरू नका. एका शिक्षकाकडे चार-चार वर्ग असतात, आणि ‘मॅडम मी आजारी आहे’ एवढंच एका अनोळखी नंबरवरून आलं की कोण ते कळत नाही. वडिलांचा नंबर देण्याचंही कारण आहे. आजार लांबला तर कॉलेज घरी फोन करतंच. घरच्यांना तोपर्यंत काही माहीत नसेल, तर खोटं बोलल्याचा शिक्का बसतो आणि तो पुसायला फार वेळ जातो.

तीन-चार दिवसांनी पुन्हा एक ओळ पाठवा: रिपोर्ट काय आला, डॉक्टरांनी किती दिवस सांगितले. माझ्याकडे अशा मेसेजांचा धागा असला की मी कमिटीत मोबाईल पुढे करून सांगू शकते, ही मुलगी बारा तारखेपासून कळवते आहे.

कागद कसा हवा

डॉक्टर ॲलोपॅथीचे असोत, आयुर्वेदाचे की होमिओपॅथीचे, ते त्यांच्या परिषदेकडे नोंदणीकृत असले पाहिजेत आणि तो नोंदणी क्रमांक सर्टिफिकेटवर दिसला पाहिजे. लेटरहेड, तुमचं पूर्ण नाव, आजाराचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत विश्रांती, डॉक्टरांची सही, शिक्का आणि सर्टिफिकेट दिल्याची तारीख. यातलं काही राहिलं तर दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी परत आत जा. नुसतं ‘अशक्तपणामुळे विश्रांतीची गरज होती’ असं लिहिलेला कागद आम्ही घेतो, पण त्याचं वजन फारसं पडत नाही.

सर्टिफिकेटपेक्षा मला स्वतःला बाकीचे कागद जास्त विश्वासाचे वाटतात. पहिल्या दिवशीची चिठ्ठी, लॅबचा रिपोर्ट, मेडिकलचं बिल, ॲडमिट असाल तर डिस्चार्ज कार्ड. या सगळ्यांवर त्या त्या दिवसाच्या तारखा असतात. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय). रांगेत वेळ जातो हे खरं, पण तिथल्या केस पेपरवर तारीख असते आणि तो कागद कुठलंही कॉलेज मानतं. दर वेळी गेलात की तोच केस पेपर घेऊन जा, हरवू नका.

आधी कागद घ्यायचा राहिला असेल तरी मार्ग आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, आणि रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्यायचे असतात. दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवहीही त्यांना ठेवावी लागते. म्हणजे नंतर खरी प्रत मिळवता येते, आणि सर्टिफिकेट खरं की खोटं हे कॉलेज डॉक्टरांना विचारून तपासूही शकतं.

यावरून आठवलेली गोष्ट सांगते. कॉलेजच्या आसपास कुणीतरी ओळखीचा असतो जो थोड्या पैशांत सर्टिफिकेट आणून देतो. मुलं खरी आजारी असूनही, कागद राहिला म्हणून हा रस्ता धरतात. कृपा करून धरू नका. तपासणीत ते खोटं निघालं की तुमचा खरा आजारही खोटा ठरतो, आणि विषय हजेरीचा न राहता बनावट कागदाचा होतो. त्यापेक्षा येऊन स्पष्ट सांगा: मॅडम, दाखवलं होतं, सर्टिफिकेट घ्यायचं राहिलं, हे गोळ्यांचं बिल आहे. त्यातून काहीतरी निघतं.

कागद जमा करताना मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. झेरॉक्स जोडा, मूळ फक्त दाखवा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा इनवर्ड, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का आणि तारीख घ्या. मी टायफॉइडच्या वेळी मूळ सर्टिफिकेट खिडकीतून आत दिलं आणि घरी आले. सत्राच्या शेवटी ते ऑफिसात कुणालाच सापडेना. माझ्याकडे ना झेरॉक्स, ना पोच. वडील एका दिवसाची रजा टाकून परभणीहून रात्रीच्या गाडीने आले, सकाळी माझ्यासोबत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले, त्यांच्या मांडीवर आईने दिलेला डबा तसाच होता. संध्याकाळी हमीपत्र लिहून घेऊन मला परीक्षेला बसू दिलं. तो बाक मला अजून आठवतो. इनवर्डच्या शिक्क्याला अर्धा मिनिट लागतो.

अर्जाचा साचा हा असा:

‘प्रति, मा. प्राचार्य, (कॉलेजचं नाव), पुणे. मार्फत: विभागप्रमुख, (शाखा).
विषय: आजारपणामुळे गैरहजर राहिल्याबाबत.
महोदय, मी (नाव), (वर्ग, डिव्हिजन, रोल नंबर, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), दि. … ते दि. … या काळात (आजार) झाल्याने कॉलेजला उपस्थित राहू शकलो नाही. याबाबत दि. … रोजी जीएफएम यांना मेसेजद्वारे कळवले होते. या काळात (विषय) ची युनिट टेस्ट आणि (विषय) ची दोन प्रॅक्टिकल चुकली आहेत. वैद्यकीय प्रमाणपत्र, लॅब रिपोर्ट व डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. माझी गैरहजेरी वैद्यकीय कारणास्तव ग्राह्य धरावी आणि चुकलेली टेस्ट व प्रॅक्टिकल पूर्ण करण्याची संधी द्यावी, ही विनंती. आपला विश्वासू, (सही, तारीख). पालकांची सही.’

काय चुकलं ते नावानिशी लिहा आणि काय हवं तेही स्पष्ट मागा. ‘योग्य तो विचार व्हावा’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर आम्ही नक्की काय करायचं ते कळत नाही.

गावी जायचं की इथे राहायचं

याचं सरसकट उत्तर नाही, पण डेंग्यूचा संशय असेल तर तापात स्वारगेटवरून रात्रीची गाडी पकडू नका. डेंग्यूत ताप उतरतो तो काळच धोक्याचा असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, फार ग्लानी, यातलं काही दिसलं तर तडक हॉस्पिटल. तेव्हा तुम्ही बसमध्ये असता कामा नये. ताप आणि अंगदुखीसाठी मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. रूममेटला जीएफएमचा नंबर देऊन ठेवा आणि 108 ही रुग्णवाहिका फुकट असते हे लक्षात असू द्या.

कावीळ, टायफॉइड यांत मात्र डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की घरी जाणं बरं. मेसच्या जेवणावर कावीळ लवकर आवरत नाही. जायच्या आधी पुण्यातल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट बरोबर घ्या, गावच्या डॉक्टरांना तेच दाखवा, म्हणजे उपचारांची आणि कागदांची साखळी तुटत नाही. कांजिण्या आल्या तर सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत वर्गात येऊ नका. अशा वेळी आम्ही स्वतःच घरी राहा म्हणतो.

पाण्याबद्दल इथेच सांगते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, किरकिटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गुलेन बारे, म्हणजे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. त्याच पट्ट्यात हजारो विद्यार्थी राहतात. खोली घेताना भाडं आणि वायफाय विचारता, तसं टाकी कधी धुतली तेही विचारा. पाणी उकळून प्या.

परीक्षा चुकली तर

इथे परीक्षा कोणती यावर सगळं आहे.

युनिट टेस्ट, प्रेझेंटेशन, असाइनमेंट या गोष्टी विषयशिक्षकांच्या हातातल्या. कागद दाखवून आठवड्याभरात भेटलात तर बहुतेक शिक्षक दुसरी तारीख देतात. सत्र संपताना भेटलात तर मार्क भरून झालेले असतात.

प्रॅक्टिकल आणि ओरलला बाहेरचे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल येतात. तुमच्या बॅचच्या दिवशी आजारी असाल आणि वर्गाची परीक्षा अजून दोन-तीन दिवस चालू असेल, तर सकाळीच फोन करा. दुसऱ्या बॅचमध्ये बसवता येतं का ते त्याच दिवशी ठरू शकतं. एक्स्टर्नल परत गेले की आमच्या हातात काही उरत नाही. हा फोन नऊच्या आत आला तर त्याचं सोनं होतं.

पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) इन्सेम, म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा, 30 गुणांची आणि एन्डसेम, म्हणजे सत्राच्या शेवटची, 70 ची. 2024 पासून पहिल्या वर्षाला नवा पॅटर्न आला आहे, तुमचा कोणता ते आधी बघा. इन्सेम पूर्ण चुकली तर एकूण 40 टक्के गाठायला 70 पैकी 40 काढावे लागतात. अवघड आहे, पण अशक्य नाही. दरवर्षी मुलं काढतात. इन्सेम गेली म्हणून तो विषयच सोडून देणं ही त्याहून मोठी चूक.

एन्डसेमचा विद्यापीठाचा पेपर आजारपणाने चुकला तर त्यासाठी वेगळा पेपर निघत नाही. निकालात गैरहजर लागतं आणि विषय बॅकलॉग म्हणून पुढच्या परीक्षेत द्यावा लागतो. वाईट वाटतं, रडू येतं, मुलं वर्ष गेलं असं समजतात. एका विषयाच्या बॅकलॉगने वर्ष जात नाही. मात्र पुढच्या वर्षात जाण्याच्या अटी बघून ठेवा. याच 2019 च्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाला जाताना पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षाचा राहिलेला पेपर मागे टाकू नका.

आजारी असलात तरी एक काम टाळता येत नाही, ते म्हणजे परीक्षेचा फॉर्म. फॉर्म ऑनलाइन असतो, त्याला मुदत असते, मुदतीनंतर लेट फी आणि नंतर तीही संधी नाही. फॉर्म भरून पेपर चुकला तर तुम्ही गैरहजर. फॉर्मच नाही तर हॉल तिकीटच नाही, आणि सहाव्या दिवशी बरे होऊनही उरलेले चार पेपर हातातून जातात. घरून भरा, भावाकडून भरून घ्या, ऑफिसला फोन करून विचारा, पण भरा.

पेपर सुरू असताना त्रास झाला तर गपचूप उठून जाऊ नका. पर्यवेक्षकांना सांगा. पाणी, गोळी, थोडा वेळ बाहेर बसणं, संसर्गजन्य आजार असेल तर वेगळ्या खोलीत बसवणं, एवढं परीक्षा केंद्र करू शकतं. कांजिण्या असताना पेपर द्यायचाच असेल तर आदल्या दिवशी कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांना फोन करा, सकाळी गेटवर नको.

आणि पेपरला बसायचं की नाही हे ठरवताना घरच्यांचं ऐका, डॉक्टरांचं त्याहून जास्त ऐका. माझ्या एका विद्यार्थ्याचा डेंग्यूचा ताप पाचव्या दिवशी उतरला. आता बरा आहे म्हणून तो मॅथ्सच्या पेपरला आला. दुसऱ्या तासाला त्याने बाकावर डोकं टेकलं. सुपरव्हिजनला मी होते. हात लावला तर हात बर्फासारखा गार आणि घामाने ओला. तो वाचला, आठ दिवस ॲडमिट होता. मॅथ्स त्याने पुढच्या वेळी काढला.

हात मोडला, प्लास्टर आहे

लिहिता येत नसेल तर लेखनिक मागता येतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, एक्स-रे आणि अर्ज लवकरात लवकर परीक्षा विभागात द्या. लेखनिक साधारणपणे तुमच्याहून खालच्या वर्गातला लागतो, तो शोधायला वेळ जातो. परवानगी हातात आल्यावर त्याच्यासोबत एक-दोन तास सराव करा, खासकरून आकृत्या आणि गणितं तोंडी कशी सांगायची याचा. पायाला प्लास्टर असेल तर तळमजल्यावर बसायची सोय मागा.

जुना आजार आणि मनाचा आजार

दमा, फिट, मायग्रेन, सिकल सेल, मधुमेह, पाळीतला असह्य त्रास, असं काही आधीपासून असेल तर सत्राच्या पहिल्या आठवड्यातच जीएफएमना सांगून ठेवा आणि एक जुना कागद फाइलला लावा. नंतर दोन-दोन दिवसांच्या दांड्या जोडून कारण समजावत बसावं लागत नाही.

मनाच्या आजाराबद्दल मुलं पोट दुखत होतं म्हणून सांगतात. झोप नाही, भूक नाही, खोलीतून बाहेर पडवत नाही, सकाळी कॉलेजच्या विचाराने छाती धडधडते, असे आठवडेच्या आठवडे जातात आणि हजेरी 40 वर येते. हाही आजार आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांचं सर्टिफिकेट बाकीच्या सर्टिफिकेटांइतकंच खरं आहे. ते बंद पाकिटात थेट प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना देता येतं, सगळ्या ऑफिसने वाचायची गरज नाही. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलिमानस ही 14416 वरची फुकट हेल्पलाइन दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हा लेख इथेच थांबवा आणि तो नंबर लावा, किंवा शेजारच्या खोलीचं दार वाजवा. हजेरीचं आपण नंतर बघू.

परत आल्यावरचा आठवडा

फिटनेस सर्टिफिकेट मागत असतील तर ते घ्या, अर्ज द्या, इनवर्ड करा. मग जर्नल. सबमिशनला अडकतात ती मुलं बहुतेक प्रॅक्टिकलमुळे अडकतात. कुठले प्रयोग राहिले याची यादी लॅब असिस्टंटकडून घ्या. दुसऱ्या बॅचच्या वेळी मशीन रिकामं असेल तर ते स्वतः सांगतात, या गुरुवारी. लॅब असिस्टंट काकांशी नीट बोललेल्या मुलाचं जर्नल कधी अडकलेलं मी पाहिलेलं नाही.

नोट्स एकाच मित्राकडून सगळ्या विषयांच्या घेऊ नका. प्रत्येक विषयात बरं लिहिणारा एक शोधा. सगळं पहिल्या दिवसापासून उतरवत बसलात तर चालू शिकवणंही कळेनासं होतं. आधी आजच्या लेक्चरला लागेल तेवढं मागचं वाचा, बाकी शनिवार-रविवारी. टायफॉइडनंतर अंगात त्राण यायला वेळ लागतो, रात्री जागून भरून काढायला गेलात तर पुन्हा आडवे व्हाल.

कोणी ऐकतच नसेल तर

आधी जीएफएम, मग विभागप्रमुख, मग प्राचार्य. हा क्रम मोडू नका, आणि प्रत्येक पायरीवर लेखी द्या. तरीही अर्जावर उत्तर मिळालं नाही तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथेही समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. तक्रार करणं म्हणजे भांडण नव्हे. सौम्य भाषेत, तारखांसकट, कागद जोडून लिहिलं की बहुतेक वेळा समितीपर्यंत जायची वेळच येत नाही.

आजार मोठा असेल, ऑपरेशन असेल, महिनोन्महिने लागणार असतील, तर सत्र सोडण्याचा विचार घरी मोकळेपणाने करा. त्याआधी स्टुडंट सेक्शनला तीन प्रश्न लेखी विचारा: पुन्हा प्रवेश कसा मिळेल, भरलेल्या फीचं काय, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती चालू राहील का. शिष्यवृत्त्यांना हजेरीच्या आणि गॅपच्या अटी असतात, म्हणून हा तिसरा प्रश्न विसरू नका. उपचारांच्या खर्चासाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा.

हे सगळे कागद एका साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेच्या क्रमाने लावा. डिग्री हातात येईपर्यंत ते फेकू नका. प्लेसमेंटच्या वेळी बॅकलॉग किंवा गॅप का, असं विचारतात. तेव्हा डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स पुढे केली की पुढचा प्रश्न थेट विषयावर येतो.